गळ्यातला दोरा

बाई,

गेल्या महिन्यात कल्याणला आम्हा पार्लर शिकवणाऱ्या बायकांना एका हॉलमध्ये बसवून शिकवलं, की गिऱ्हाईक कुठल्या जातीचं, कुठल्या धर्माचं, काळं की गोरं हे बघायचं नाही, सगळ्यांच्या चेहऱ्याला सारखाच हात लावायचा. शिकवायला मुंबईहून एक तरुण मुलगी आली होती, हसरी, केस कानापर्यंत कापलेले. तिने भिंतीवर एक तक्ता लावला होता. त्यात निरनिराळ्या रंगांच्या बायका काढलेल्या होत्या आणि सगळ्या एकमेकींकडे बघून हसत होत्या. असं सगळं गोडगोड दिसलं की मला संशय येतो. तुम्हाला ते ठाऊक आहेच, 'हिला दुधाच्या आधी त्यातलं पाणी दिसतं' असं तुम्हीच म्हणायचात. मग ती म्हणाली, आता प्रत्येकीने आपली ओळख अभिमानाने सांगा. एक म्हणाली मी बदलापूरची, दुसरी म्हणाली मी भिवंडीची, मला दोन मुलगे. गाव झालं, नवरा झाला, मुलं झाली, सासूचा गुडघासुद्धा झाला. ज्या गोष्टीसाठी आम्हाला तिथे बसवलं होतं ती मात्र एकीच्याही तोंडातून निघाली नाही. मीही 'मुरबाडची' एवढंच सांगून खाली बसले.

दुपारी तिने दोऱ्याचं रीळ काढलं. भुवया कोरताना दोऱ्याचं एक टोक दातात धरायचं, ही आपल्याकडची सगळ्यांची रीत. ती म्हणाली, ही रीत आता सोडा, थुंकी गिऱ्हाइकाच्या तोंडाशी जाते. शिवाय काही लोकांना दुसऱ्याच्या तोंडातला दोरा चालत नाही, त्यांच्याही भावना जपायला हव्यात. दोरा गळ्यात अडकवून दोन्ही हातांनी चालवायचा. कुणाला येतं का? मी उठले. दोरा गळ्यात घातला, पीळ दिला आणि शेजारच्या बाईची भुवई चहा यायच्या आत कोरून दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलीने विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, माझ्या बाईंनी, शहापूरला, पुष्कळ वर्षं झाली. ती म्हणाली, "किती पुढचा विचार करणाऱ्या असतील त्या!" मला आधी हसू आलं आणि मग असा राग आला की समोरचा चहा मी तसाच ठेवला. बाई, तुम्ही त्या वेळी नक्की कसला विचार करत होतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तुमची ती मागची खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. पुढे घरमालकिणीचं कापडाचं दुकान, बोळातून मागे गेलं की तुमचा पडदा, पडद्याआड दोन खुर्च्या आणि एक आरसा. आरशाच्या कडेला गिऱ्हाइकांनी चिकटवून विसरलेल्या टिकल्या. स्टोव्हवर साखर आणि लिंबू आटवून तुम्ही वॅक्स करायचात, त्याचा वास बोळाच्या तोंडाशीच यायचा आणि मला भूक लागायची. मी आटगावहून यायचे. वडिलांनी मला तिथे घातलं, कारण मुलीच्या हातात काहीतरी कला असावी असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी ते दारातच उभे राहिले होते. तुम्ही माझं नाव विचारलंत, मग आडनाव. वडिलांनी आडनाव सांगितलं. तुम्ही क्षणभर थांबलात आणि म्हणालात, "बरं." त्या एका 'बरं'चा मी किती वर्षं कीस पाडला असेन! कधी वाटतं, ते साधं होतं, वहीत नाव घालताना माणूस म्हणतो तसं. कधी वाटतं, त्या एका श्वासात तुम्ही आमच्या घरातल्या भिंतीवरचा फोटो पाहिलात, आमची वस्ती पाहिलीत, पुढच्या गिऱ्हाइकांची तोंडं पाहिलीत, आणि सगळा हिशोब करून मग म्हणालात, बरं.

वाईट वागलात असं म्हणायला मला कुठे जागाच ठेवली नाहीत तुम्ही. पाण्याचा पेला सगळ्यांना एकच. डबा खाताना माझ्या डब्यातली सुकटीची चटणी तुम्ही बोटाने उचलून खायचात आणि म्हणायचात, आईला सांग, तिखट जरा कमी. मेंदी, ब्लीच, फेशियल, सगळं मी बाकीच्या मुलींच्या बरोबरीने शिकले. खर्डीची एक मुलगी माझ्या शेजारी बसायची, तिच्या चेहऱ्यावर मी हात बसवला, तिने माझ्या. मग आला भुवयांचा दिवस. तुम्ही सगळ्यांना दोऱ्याचा तुकडा दिलात, दातात धरायला लावलात आणि आधी आपापल्या पायाच्या लवेवर सराव करा म्हणालात. खोलीभर मुली तोंडात दोरा धरून, परकर गुडघ्यापर्यंत ओढून आपल्याच नडगीवर वाकलेल्या; पडद्याआडून कुणी पाहिलं असतं तर पळत सुटलं असतं. मी दोरा तोंडाकडे नेणार, तेवढ्यात तुम्ही माझं मनगट धरलंत.

"तू नको दातात धरू. तुझ्या दातांची ठेवण वेगळी आहे, दोरा टिकणार नाही. मी तुला गळ्याची रीत शिकवते."

बाई, माझे दात! ज्या दातांनी मी भाजलेले चिंचोके फोडायचे, माझेच नाही तर भावांचेही फोडून द्यायचे, त्या दातांत म्हणे दोरा टिकणार नाही. मला तेव्हाच खटकलं. पण तुम्ही इतक्या मायेने शिकवायला बसलात की बोलता येईना. रिळाचा दोरा माझ्या मानेभोवती टाकलात, गाठ मारलीत, माझ्या मागे उभ्या राहून माझे दोन्ही हात तुमच्या हातांत घेतलेत आणि पीळ कसा पुढेमागे पळवायचा ते दाखवलंत. गळ्याची रीत अवघड. मान ताठ ठेवावी लागते, खांदा हलला की दोरा सैल पडतो. बाकीच्या मुली आठवडाभरात भुवया कोरायला लागल्या, मला महिना गेला. तेवढा महिना तुम्ही तुमच्या भुवया माझ्यापुढे धरल्यात. तुमच्या भुवयांची मी काय दशा केली होती, आठवतं ना? काजळाच्या पेन्सिलीने भुवया काढून तुम्ही हळदीकुंकवाला गेला होतात.

त्या पहिल्या सरावाच्या दिवशी मी घरी गेले तेव्हा गळ्याभोवती दोऱ्याचा लाल वळ उठला होता. आई भाकऱ्या थापत होती. तिने तवा खाली उतरवला.

"गळ्याला काय झालं गो?"

मी सांगितलं.

"सगल्याच गळ्यात घालतात का?"

"नाय. मीच."

आईने पीठ तसंच हातावर ठेवून माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे बाकीच्यांची थुकी चालते, तुझी नाय चालत. आपल्या मान्सांच्या गळ्यात थुकीसाठी मडका बांधायचं गो पयले. तुझ्या बाईनं दोरा बांधला, येवडाच फरक."

वडील म्हणाले, "उगाच कायतरी डोस्क्यात भरू नको तिच्या. शिकू दे. कला आली का कोन ईचारतो गळा का दात." आईने तवा परत चुलीवर ठेवला. पण मला जो रोग आहे ना बाई, संशयाचा, तो त्या संध्याकाळी आईच्या हातून मला मिळाला असं मी समजते. आईला दोष देत नाही. तिच्या संशयाला कारणं होती, आणि तिने ती स्वतः भोगली होती.

एकदा तुम्ही वॅक्सची साखर आणायला बाजारात गेला होतात. खर्डीची मुलगी म्हणाली, बघ तरी दातात धरून, काय होतं. मी धरला. तिच्या भुवईला दोरा लावते न लावते तोच तुम्ही पडदा सारून आत आलात आणि दोरा माझ्या तोंडातून हिसकून काढलात. ओठ कापला माझा. "एकदा सांगितलेलं कळत नाही?" एवढ्या जोरात तुम्ही कधी बोलला नव्हतात. पण मी तुमचा चेहरा पाहिला. रागावलेलं माणूस समोरच्याकडे बघतं. तुम्ही बोळाकडे बघत होतात, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. तुम्ही घाबरला होतात. तुम्ही कशाला घाबरलात, हा प्रश्न मी त्या कापलेल्या ओठासकट घरी घेऊन गेले.

आणि मग ती घरमालकीण. तिच्या भुवया तुम्ही माझ्या हवाली केल्यात. भारी गिऱ्हाईक, नाकावर माशी बसू न देणारं. ती डोळे मिटून खुर्चीत पडायची आणि म्हणायची, हिचा हात हलका आहे हो, तुमच्यापेक्षा हलका. तिला माझं आडनाव माहीत नव्हतं. तुम्ही माझी ओळख करून देताना 'आटगावची' म्हणायचात, बस. एक दिवस तिने डोळे न उघडताच मला विचारलं, "कुणाची गं तू?" बाई, हा प्रश्न आपल्याकडे कशासाठी विचारतात ते सगळ्यांना कळतं. माझ्या हातातला दोरा थांबला. मी सांगणार होते, देवाशप्पथ सांगणार होते. पण तुम्ही स्टोव्हपाशी उभ्या राहून, मागे न वळता म्हणालात, "माझी."

घरमालकीण हसली आणि विषय संपला. त्या दिवशी मी वेड्यासारखी आनंदात घरी गेले. तुम्हाला मूल नव्हतं. मला वाटलं, बाईंनी मला आपली म्हटलं. पुढे लग्न होऊन मी मुरबाडला आले, तुम्ही टेम्पोतून तुमची एक खुर्ची पाठवलीत, तिच्यावर बसवून मी पहिलं गिऱ्हाईक केलं, तोवर तो आनंद टिकला. मग हळूहळू आंबायला लागला. 'माझी' म्हणालात ते मला जवळ घ्यायला, की माझं आडनाव झाकायला? मला सांभाळलंत की खोलीचं भाडं सांभाळलंत? एका शब्दाने दोन्ही कामं केलीत, हेच मला सोसत नाही.

तुम्ही गेलात ते मला तेराव्यानंतर कळलं. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी धसईच्या बाजारात ती खर्डीची मैत्रीण भेटली. तिचं सासर तिकडचंच. पडवळं निवडता निवडता बोलणं तुमच्यावर आलं, आणि ती सहज म्हणाली, "तुला म्हायतीच नाय का? आमच्या आयांनी जाऊन बाईंना सांगितलेलं, ती पोरगी दातात दोरा धरील तर आमच्या पोरी उद्यापासून येनार नाय. माझी आय पन होती त्यांच्यात. बाई म्हनाल्या, ती दातात धरनार नाय, झालं?" तिला वाटलं मला ठाऊक असेल. ती पडवळं घेऊन गेली. म्हणजे आई बरोबर होती. माझा संशय खरा निघाला, आणि खरा निघाल्यावर मला जे हलकं वाटायला हवं होतं ते काही वाटलं नाही. कारण आता नवाच संशय सुरू झाला: त्या आयांना तुम्ही 'चालत्या व्हा' का नाही म्हणालात? आणि म्हणाला असतात, वर्ग मोडला असता, तर मला हातात काय मिळालं असतं?

हे सगळं आज लिहायला बसण्याचं कारण कल्याणच्या टाळ्या नाहीत. कारण गेल्या आठवड्यात घडलं. मी आता सरकारी योजनेतला वर्ग चालवते, इथेच मुरबाडला, एसटी स्टँडमागे. मुली मोजक्याच, एखादी कमी झाली तर वर्गच बंद करतील अशी अवस्था. त्यात ठाकरवाडीवरची एक मुलगी आहे. काळीसावळी, बोलायला कमी, पण हात असा की बघत राहावं. दातात दोरा धरायला तिला शिकवावंच लागलं नाही, दुसऱ्या मुलीचं पाहून तिने उचललं. आणि मंगळवारी एका मुलीची आई आली. चांगल्या शेतकरी घरातली, बोलायला गोड. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली,

"बाई, राग नका मानू. ती वाडीवरची पोरगी तोंडातला दोरा आमच्या पोरीच्या तोंडाला लावते. बाकीच्या पोरींचा चालंल. हिचा नको. तुमी आपल्यातल्या, म्हणून सांगते."

आपल्यातल्या! लग्नानंतर माझं जे आडनाव झालं ते सगळ्याच जातींत सापडतं, आणि वर माझं बोलणं तुमच्याकडून उचललेलं. तुम्ही झाकलेलं इतकं पक्कं झाकलं गेलं होतं, की ही बाई माझ्या कानाशी येऊन मला आपली म्हणत होती.

आणि बाई, उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. कल्याणहून ताजं आणलेलं. काकी, आता नवीन नियम आहे, सगळ्याच मुली दोरा गळ्यात घालणार. खोटंही नव्हतं, रीत खरोखरच चांगली आहे, मी ती सगळ्यांना शिकवणारच होते. ती बाई खूश झाली असती, वर्ग टिकला असता, ठाकरवाडीच्या मुलीला काही कळलंही नसतं. तिथे उभ्या उभ्या मला तुमची ती खोली तुमच्या बाजूने दिसली. किती सोपं होतं ते! तुमच्यावर चिडायला मला इतकी वर्षं लागली, आणि तुमच्यासारखं वागायला एक वाक्य पुरणार होतं. माझं अंगच तापलं.

मी मोठ्याने म्हटलं, "काकी, मी तुमच्यातली नाय. वाडीवरच्या पोरीचा दोरा चालत नसंल तर माझाही चालायचा नाय." सगळ्या मुली वळल्या. मग मी माझं माहेरचं आडनाव सांगितलं, जे तुम्ही कधी कुठल्या गिऱ्हाइकाला सांगू दिलं नाहीत. ठाकरवाडीच्या मुलीला हाक मारली, तुमच्या खुर्चीत जाऊन बसले, डोळे मिटले आणि म्हटलं, "धर दातात, आणि माझ्या भुवया कर. सगळ्यांसमोर."  तिने दोरा दातात धरला आणि माझ्यावर वाकली. तिच्या श्वासाची ऊब मला पापण्यांवर लागत होती. मला वाटत होतं, बघा बाई, असं करायला हवं होतंत.

डोळे उघडले तेव्हा ती आई मुलीचा हात धरून निघून गेली होती. तिची मुलगी अजून आलेली नाही, वर्गाचं काय होईल ते देवाला ठाऊक. माझी डावी भुवई अर्धी उडाली होती. मुली ओढणी तोंडाला लावून हसत होत्या. मलाही हसू आलं. पण ठाकरवाडीची मुलगी हसली नाही. सगळ्या गेल्यावर ती दाराशी थांबली आणि खाली बघत म्हणाली,

"बाई, माझा हात कदी असा चुकत नाय. आज सगल्या माज्याकं बघत व्हत्या. आता माजी जात पन सगल्यांना म्हायती झाली न् मना भुवई येत नाय ह्ये पन. तुमाला त्या बाईशी भांडायचं व्हतं, तं तुमी भांडायचं. मना कोनी ईचारलाच नाय."

आणि ती एसटीला निघून गेली.  तुम्ही माझ्या पाठीमागे माझा निकाल लावलात म्हणून मी तुमच्यावर इतकी वर्षं दात धरला, आणि मी तिचा निकाल तिच्या तोंडावर, भर वर्गात लावला. तुम्ही मला विचारलं नाहीत. मी तिला विचारलं नाही. यात कोण बरं आणि कोण वाईट, हे त्या कल्याणच्या मुलीला विचारलं तर ती नवा तक्ता लावील.

दुसऱ्या दिवशी ती येणार नाही असं धरून मी चाललेच होते. पण ती आली. मागच्या भिंतीशी बसली, परकर वर ओढला आणि माझ्याकडे न बघता आपल्या नडगीवर सराव करत राहिली. अजूनही येते, काम करते, विचारलं तेवढंच बोलते. मी तिच्याजवळ जाऊन बसलेले नाही. 

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, म्हणून लिहिण्याचं धाडस झालं. खरं सांगायचं तर आज दुपारी तिच्याकडे बघताना मला तुमच्याकडे यावंसं वाटलं. बोळातून आत येऊन विचारावं, बाई, आता काय करू हिचं? तुम्ही काहीतरी सोयीचं खोटंच सांगितलं असतंत, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मला ते ऐकायचं होतं.